व्हीटी स्टेशनच्या इमारतीत आपलं काय आहे?

गवाक्ष

नमस्कार मंडळी,

व्हीटीचा (सीएसएमटी म्हणा, बोटांना सवय व्हीटीची आहे) विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, काय भव्य इमारत आहे. दुसरं, अर्थात ती लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनची नक्कल आहे. हे दुसरं वाक्य मला कायम टोचतं म्हणून धागा काढतेय.

माझं म्हणणं असं की आराखडा साहेबाचा असला तरी इमारत इथे घडली, इथल्या दगडात, इथल्या माणसांच्या हातांनी आणि इथल्या पावसाचा विचार करून. तिला विलायती म्हणून बाजूला काढून ठेवणं हा त्या हातांवर अन्याय आहे. काम सुरू झालं १८७८ला, पूर्ण झालं १८८८ला. मधे १८८७मधे राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीची पन्नास वर्षं भरली म्हणून तिचं नाव दिलं. आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य आणि एम. एम. जनार्दन हे आपले लोक काम बघत होते हे किती जणांनी ऐकलंय? खर्च आला त्यावेळचे सुमारे १६ लाख रुपये. आणि नक्षीकाम जेजे स्कूल ऑफ आर्टच्या मुलांनी केलं, म्हणजे तिथून चालत दहा मिनिटांवरच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांनी.

तर तुम्हाला त्या इमारतीत इथलं काय दिसतं ते लिहा. काहीच दिसत नसेल तर तेही लिहा, मला वाद हवाच आहे.

कर्जत_फास्ट

धागा वाचून पहिला विचार आला की इतकी वर्षं रोज तिथे उतरतोय पण मान वर केलेली आठवत नाही. सकाळी ऑफिस गाठायचं असतं आणि संध्याकाळी इंडिकेटरकडे बघत पळायचं असतं. उद्या नक्की वर बघणार.

ओक_पुणे

गवाक्ष, भावना समजली पण पटलं नाही. टोकदार कमानी युरोपच्या चर्चमधल्या, रंगीत दगडांचे पट्टे व्हेनिसचे, घुमटावरची ती मशालवाली बाई म्हणजे 'प्रगती', ती घडवली थॉमस अर्प नावाच्या इंग्रज शिल्पकाराने. खाली दर्शनी त्रिकोणांवर शेती, व्यापार, अभियांत्रिकी अशा मूर्ती आहेत त्याही त्याच्याच. फाटकाच्या दोन खांबांवर सिंह आणि वाघ, सिंह म्हणजे ब्रिटन आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान, आणि दोघांच्या मागे मधोमध घड्याळाखालच्या कोनाड्यात राणी स्वतः. आणखी किती स्पष्ट सांगायला हवं होतं त्यांनी? मजूर इथले होते म्हणून इमारत इथली होत नाही. मजूर सगळीकडे तिथलेच असतात.

चुनखडी

चांगला विषय. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या क्षेत्रात काम करते म्हणून थोडं सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

सेंट पँक्रसचा प्रभाव आहेच, तो कोणी नाकारू नये, स्टीव्हन्सने युरोपातली स्टेशनं बघून मग आराखडा केला होता. पण दोन्ही इमारती शेजारी ठेवून बघा. सेंट पँक्रसला पुढे हॉटेल आहे आणि त्याच्यामागे लोखंड-काचेची एकच प्रचंड कमान, २४० फुटांची, मधे एकही खांब नाही. तिथे खरा पराक्रम मागच्या शेडचा आहे आणि तो बार्लो या इंजिनिअरचा. व्हीटीला पुढे रेल्वेची कचेरी आहे, जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचं मुख्यालय, आणि सगळा जीव त्या कचेरीत ओतलाय. इंग्रजी सी अक्षरासारखा आराखडा, दोन बाजू पुढे आलेल्या, मधे आवार आणि बाग. सेंट पँक्रस थेट रस्त्यावर उभं आहे, ही इमारत रस्त्यावरून आलेल्या माणसाला आधी आवारात घेते.

आता मुख्य गोष्ट. व्हीटीच्या दर्शनी भागावर ज्या कमानींच्या ओळी दिसतात ना, त्यांच्या मागे लगेच खोल्या नाहीत. तिथे व्हरांडे आहेत. कचेऱ्या त्या व्हरांड्यांच्या आत. म्हणजे दुपारचं पश्चिमेचं ऊन आणि जून-जुलैचा आडवा पाऊस आधी व्हरांडा झेलतो, आतल्या भिंतीपर्यंत फारसं काही पोचत नाही, आणि खिडक्या पावसातही उघड्या ठेवता येतात. लंडनच्या गॉथिक (टोकदार कमानींच्या शैलीच्या) इमारतीला याची गरजच नव्हती, तिथे मिळेल ते ऊन आत घ्यायचं असतं. आपल्याकडे हायकोर्ट बघा, जुनं सेक्रेटरिएट बघा, सगळीकडे हाच उपाय. कोकणातल्या घराची पडवी काय करते? तेच. फक्त इथे ती तीन मजली आणि दगडी आहे.

आणि दगड. भिंतींचा पिवळसर दगड मालाडचा. निळा-काळा आपला बेसाल्ट. बारीक कोरीवकाम पोरबंदरच्या चुनखडीत, कारण बेसाल्टवर इतकं नाजूक काम करणं म्हणजे छिन्न्या मोडणं. व्हेनिसची पट्ट्यापट्ट्यांची पद्धत उचलली हे ओकांचं बरोबर, पण रंग कुठून आणले? मालाडहून आणि कुर्ल्याहून.

ओक_पुणे

व्हरांड्याचा मुद्दा मान्य. पण तो उपयोगाचा झाला. शैली मात्र त्यांचीच राहिली.

चुनखडी

उपयोगातूनच शैली बदलते ओक. व्हरांडा काढा आणि मग तो दर्शनी भाग डोळ्यांसमोर आणून बघा, सपाट भिंत उरेल. त्या इमारतीवर सावल्यांचा जो खेळ दिसतो तो सगळा व्हरांड्यांमुळे आहे.

सह्यकडा

सगळे कौतुकात रमलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. इमारतीचं काम सुरू झालं ते वर्ष १८७८. त्याच्या आधीची दोन वर्षं, १८७६ ते ७८, दख्खनमधे भयंकर दुष्काळ होता. सोलापूर, नगर, विजापूर, माणसं रस्त्यात मरत होती. त्याच दोन वर्षांत हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालू होती आणि बंदरापर्यंत ते न्यायला रेल्वे होती.

दुसरं म्हणजे पैसा. जीआयपीच्या भागधारकांना सरकारने ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. कंपनीला तेवढा नफा झाला नाही तर उरलेली रक्कम इथल्या महसुलातून, म्हणजे शेतसाऱ्यातून. लंडनमधे बसलेल्या माणसाला धोका शून्य. मग खर्चाला हात आखडायचं कारणच काय? १६ लाख हे त्या हिशोबात बघा. ज्या रस्त्यावर ही इमारत उभी आहे त्याला दादाभाई नौरोजींचं नाव आहे, आणि संपत्ती इथून तिकडे कशी वाहत जाते हे आकडे मांडून सांगण्यात त्या माणसाचं आयुष्य गेलं.

इमारत सुंदर नाही असं मी म्हणत नाही. पण तिच्यात आपलं काय आहे विचारलंत तर पहिलं उत्तर हेच, की तिचं बिल आपलं आहे.

घाटवाट

सह्यकडा, हा मुद्दा यायलाच हवा होता. त्याला जोडून एक, ही इमारत परवडली कारण घाट फुटले. बोरघाट १८६३ला सुरू झाला, थळघाट १८६५ला, आणि तेव्हा कुठे दख्खनचा कापूस थेट बंदराशी आला. त्या घाटांच्या कामावर हजारो मजूर गेले, पटकीने, सुरुंगांनी, दरडींनी. व्हीटी बघताना मला नेहमी खंडाळ्याचे बोगदे आठवतात. एकाच कामाची ती दोन टोकं आहेत, एक लोकांना दिसतं आणि दुसरं अंधारात सर्रकन निघून जातं.

मोरपीस

मी लहान मुलांना चित्रकला शिकवते. मुलांना घेऊन गेलं की मी त्यांना गॉथिक वगैरे काही सांगत नाही, फक्त म्हणते प्राणी शोधा. मग बघा! माकडं सापडतात, मोर सापडतात, पिसारा पसरलेला मोर तर कमानीच्या वरच्या अर्धगोलात असा काही बसवलाय की तो आकार त्याच्यासाठीच केला असावा असं वाटतं. पानं-फुलं बघितली की कळतं, ही कोरणाऱ्याने रोज बघितलेली झाडं आहेत. जीआयपीच्या बोधचिन्हात इंजिन आहे आणि हत्तीसुद्धा आहे. भिंतीवर वेगवेगळ्या पगड्या-पागोटी घातलेली डोकी कोरलीयेत, त्या काळी मुंबईत वावरणाऱ्या निरनिराळ्या समाजांची. एका मुलाने त्यातल्या एका पगडीकडे बोट दाखवून "हे आमचे आजोबा" असं जाहीर केलं आणि दिवसभर तेच धरून बसला.

ओक, राणीचा पुतळा तर स्वातंत्र्यानंतर उतरवला. कोनाडा रिकामा आहे. माकडं आणि मोर अजून जागच्या जागी आहेत.

ओक_पुणे

हे मात्र जोरदार :)

अनामिक_वाचक

ते कोरीवकाम लॉकवुड किपलिंगच्या देखरेखीखाली झालं ना? गाइड तसंच सांगतात.

अक्षरवेल

गाइड सांगतात खरं, पण तारखा जुळत नाहीत. लॉकवुड किपलिंग जेजेमधे शिकवायला होते हे बरोबर, क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्यांची. पण ते १८७५ला लाहोरच्या आर्ट स्कूलला गेले. व्हीटीचं काम त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झालं. व्हीटीच्या वेळी जेजेत जॉन ग्रिफिथ्स होते आणि मुलांचं काम त्यांच्या हाताखाली झालं.

आणि हेच ग्रिफिथ्स १८७२पासून जेजेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते, भित्तिचित्रांच्या प्रती करायला. हे काम कित्येक वर्षं चाललं, १८८०च्या दशकापर्यंत. म्हणजे एकाच शाळेत, एकाच मास्तरांच्या हाताखाली, काही मुलं अजिंठ्याच्या लेण्यांत बसून हत्ती, मोर, कमळवेली उतरवून घेत होती आणि त्याच वर्षांत स्टेशनसाठी दगड आणि लोखंडाची नक्षी घडत होती. या दोन्हीचा एकमेकांशी संबंध नसेल असं मला तरी वाटत नाही. गवाक्ष, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर इथे आहे.

मोरपीस

अक्षरवेल, हे वाचून अंगावर काटा आला. अजिंठ्याचं आणि व्हीटीचं नाव एका वाक्यात कधी ऐकलं नव्हतं.

निळाफत्तर

सिव्हिलवाल्याची हजेरी. सगळे कोरीवकामावर बोलतायत, घुमटाबद्दल कोणीच काही लिहीत नाहीये.

तो घुमट अष्टकोनी आहे, आठ फासळ्यांचा, सगळा दगडी. सोललेल्या संत्र्याच्या फोडी उभ्या ठेवल्या तर कसं दिसेल तसं. साधारणपणे कमान किंवा घुमट बांधताना खालून लाकडी साचा द्यावा लागतो, शेवटचा दगड बसून सगळं एकमेकांना दाबून धरेपर्यंत तो साचाच सगळं वजन पेलतो. या घुमटाला असा खालचा साचाच दिला नव्हता असं सांगतात. फासळ्यांचे दगड एकमेकांत खाचा करून अडकवत थराथराने वर गेले. प्रत्येक थराचं कडं पूर्ण झालं की ते स्वतःला धरून ठेवतं, म्हणून वरचा थर चढवता येतो. कागदावर सोपं वाटतं. पण एखादा दगड जरा इकडेतिकडे बसला तर चूक पुढच्या प्रत्येक थरात वाढत जाणार, आणि हे सगळं किती उंचीवर. ज्या गवंड्यांनी ते दगड ओळंब्यात ठेवले त्यांना माझा दंडवत. गॉथिक धाटणीच्या इमारतीवर असा अष्टकोनी फासळ्यांचा दगडी घुमट क्वचितच दिसतो. मग ओकसाहेब, सेंट पँक्रसला कुठे आहे हा घुमट?

आणि त्याच्या खालचा जिना. पायऱ्यांचं एक टोक भिंतीत रोवलेलं, दुसरं टोक अधांतरी, खाली तुळई नाही की खांब नाही. अशा जिन्यात प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर थोडी टेकलेली असते आणि भिंत तिला पिळवटू देत नाही, दोन्ही मिळून भार उतरतो. बघितल्यावर पहिल्यांदा पाय टाकायला माणूस बिचकतो.

डोंबिवलीची_सून

जिना कुठे आहे हा? स्टेशनात तर कधी दिसला नाही.

निळाफत्तर

मुख्यालयाच्या भागात आहे, मधल्या घुमटाखाली. प्लॅटफॉर्मकडून दिसत नाही.

अनामिक_वाचक

तिकीट खिडक्यांचा तो उंच छताचा हॉल, तोही त्याच वेळचा ना?

चुनखडी

हो, लोकलची तिकिटं मिळतात तो. त्याला स्टार चेंबर म्हणतात, छतावर सोनेरी चांदण्या काढलेल्या आहेत म्हणून. इटालियन संगमरवर आणि घासून चकचकीत केलेला आपला निळा दगड, दोन्ही तिथे शेजारी शेजारी आहेत. रांगेत उभं असताना वर बघायला भरपूर वेळ मिळतो, कर्जत_फास्ट यांनी सुरुवात तिथून करावी.

कर्जत_फास्ट

पास ॲपवर काढतो हो. पण आता मुद्दाम रांगेत उभा राहीन.

मावळतीचं_ऊन

जरा वेगळा विषय काढते. रात्रीची ती रंगीत लाइट तुम्हाला आवडते का? निळी, जांभळी, हिरवी. मला अजिबात नाही. मालाडच्या दगडाचा स्वतःचा रंग इतका सुंदर आहे, संध्याकाळी पश्चिमेचं ऊन समोरून पडतं तेव्हा सगळी इमारत आतून पेटल्यासारखी दिसते, आणि अंधार पडला की तिच्यावर जांभळा रंग. दगड प्लॅस्टिकचा वाटायला लागतो.

डोंबिवलीची_सून

मला तर आवडते बाई. गावाकडून पाहुणे आले की आम्ही मुद्दाम रात्री नेतो. १५ ऑगस्टला तिरंगी लाइट करतात तेव्हा समोर किती गर्दी असते बघा, लोक पोरांना खांद्यावर घेऊन उभे असतात.

मावळतीचं_ऊन

१५ ऑगस्ट, २६ जानेवारीला जरूर करावं. रोज मात्र पिवळसर एकरंगी उजेड असावा, कोरीवकामाच्या सावल्या दिसतील असा. रंगीत झोतात मोर दिसत नाहीत आणि माकडंही नाहीत, फक्त बाह्यरेषा दिसते.

निळाफत्तर

+१. उजेड खालून तिरका टाकला तर नक्षी उठून दिसते. सरळ समोरून टाकला की सगळं सपाट.

फलाट१८

मी रेल्वेतून निवृत्त झालोय. कचेरी त्याच इमारतीत होती. तुम्ही लोक इतकं प्रेमाने लिहिताय म्हणून मीही लिहायला बसलो.

पहिली गोष्ट, ही इमारत अजून काम करते. वारसायादीतल्या किती इमारती रोज वापरात असतात? मध्य रेल्वेच्या महाव्यवस्थापकांची कचेरी आजही तिथेच आहे. एप्रिल-मेमधे बाहेर रस्त्यावर उभं राहवत नसे तेव्हा आमच्या दालनात पंखा मंद चालला तरी भागायचं. चुनखडीताई म्हणतात ते व्हरांड्याचं काम मी अंगावर अनुभवलंय. छत उंच, भिंती हातभर जाड आणि खिडकी उघडली की समुद्राकडचा वारा व्हरांड्यातून आत.

दुसरी, लोक व्हीटी म्हणजे एकच इमारत समजतात. लांबच्या गाड्यांचा जो मोठा हॉल आहे तो बराच नंतरचा, १९२९चा. विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला इथूनच कुर्ल्याला सुटली, हार्बरवरून. आज १८ फलाट आहेत, ७ लोकलचे आणि ११ लांबच्या गाड्यांचे. गाड्या वाढत गेल्या, माणसं वाढत गेली, मागे सगळं बदलत राहिलं, पुढच्या इमारतीने मात्र आपली जागा सोडली नाही.

तिसरी गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं. २६/११ला त्या लांबच्या गाड्यांच्या हॉलमधे पन्नासहून जास्त माणसं गेली. गावाला निघालेली, बोचकी घेऊन जमिनीवर बसलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या सुटल्या. त्या दिवसानंतर मला कोणी ही इमारत कोणाची असं विचारलं तर मी वाद घालत नाही. जे लोक तिथे गेले आणि जे लोक दुसऱ्या दिवशी तरीही तिथे आले, त्यांची.

गवाक्ष

काका, लिहिलंत ते फार बरं झालं.

घाटवाट

_/\_

जुनी_मुंबई

उशिरा आलो. स्टीव्हन्सबद्दल थोडं लिहितो, कारण त्याने मुंबईत केलेलं काम एका रेषेत बघितलं की बदल दिसतो. तो १८६७ला हिंदुस्थानात आला, सरकारी बांधकाम खात्यात. आधी रॉयल अल्फ्रेड सेलर्स होम बांधलं, म्हणजे आज जिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे ती इमारत. ती बरीच सौम्य आहे. मग व्हीटी. मग व्हीटीच्याच समोर महापालिकेची इमारत, १८९३ची, तिचा मनोरा २३५ फुटांचा. मग चर्चगेटला बीबीसीआय रेल्वेची कचेरी, १८९९ची, आताचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालय. ती तर करड्या दगडाची आणि पांढऱ्या घुमटांची आहे, गॉथिक कमानी अजून आहेत पण घुमट सरळ पूर्वेकडचे झालेत. म्हणजे माणूस इथे राहिला तसतसा त्याचा हात इथल्या आकारांकडे वळत गेला. १९००मधे मलेरियाने मुंबईतच गेला, शिवडीच्या दफनभूमीत आहे.

ओकांना विचारायचंय, तीस वर्षं मुंबईत काम करून इथेच मेलेल्या माणसाचं सगळं काम विलायती कसं धरायचं?

ओक_पुणे

माणूस कुठे मेला यावरून शैली ठरत नाही. पण चर्चगेटचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पालिकेची इमारत आणि व्हीटी एका जागी उभं राहून बघितल्या तर पालिकेची मला जास्त सरस वाटते, रेषा उंच जातात, गर्दी कमी आहे.

मावळतीचं_ऊन

पालिकेची सरस??? ओक, आता खरा वाद सुरू झाला.

जुनी_मुंबई

दोन्ही एकाच माणसाच्या आहेत, आपसात भांडू नका :) पण त्या चौकात एका माणसाने समोरासमोर दोन इमारती उभ्या केल्या आणि दुसरी करताना पहिलीला झाकली नाही, हे मला फार मोठं वाटतं.

अक्षरवेल

युनेस्कोने २००४ला व्हीटीला जागतिक वारसायादीत घेतलं तेव्हा जी कारणं दिली त्यात हेच आहे, की इटालियन वळणाचं व्हिक्टोरियन गॉथिक आणि भारतीय बांधकामपरंपरा यांची इथे देवाणघेवाण झालीये. मनोरे, कमानी, आराखडा आपल्या राजवाड्यांच्या जवळ जातो असंही म्हटलंय.

चुनखडी

राजवाड्याचं मला तितकंसं पटत नाही. आपल्या वाड्यांत चौक आत असतो आणि घर त्याच्याभोवती, बाहेरून बंद. इथे चौक रस्त्याच्या बाजूला उघडा आहे. देवाणघेवाण झाली ती कोरीवकामात, दगडात आणि हवामानाच्या उत्तरात. तेवढी पुरेशी आहे, त्यापलीकडे ओढायची गरज नाही.

निळाफत्तर

पुनर्विकासाचं काय चाललंय कोणी सांगेल का? २०२२ला केंद्राने नवी दिल्ली आणि अहमदाबादबरोबर सीएसएमटीच्या कामालाही मंजुरी दिली होती. वारसा इमारतीला हात लावणार नाही म्हणतात, पण मागे जे नवं उभं राहील ते घुमटाच्या वर डोकावलं तर सगळं संपलं.

चुनखडी

मला काळजी रोजच्या देखभालीची जास्त आहे. मोठ्या कामावर सगळ्यांचं लक्ष असतं, किरकोळ दुरुस्तीवर कोणाचंच नसतं. कार्निसच्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ रुजतो. वरून कापला तर मूळ आत राहतं आणि दरवर्षी दगड थोडा थोडा उचकटत जातं. मूळ मारून, चुना भरून सांधा बंद करावा लागतो. पोरबंदरी दगड चुनखडी असल्यामुळे गाड्यांच्या धुरातला गंधक त्यावर काळी खपली धरतो, आणि गंमत म्हणजे जिथे पाऊस थेट लागतो तिथे दगड उजळ राहतो, वळचणीला काळा पडतो. ती खपली वाळूचा मारा करून काढली तर खालची नक्षीच जाते. जुन्या इमारतींत मी सगळ्यात जास्त नुकसान बघितलंय ते सिमेंटचं. चुन्याच्या जुन्या सांध्यात कोणीतरी घाईने सिमेंट भरतं, सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, ओल दगडातून वाट काढते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आणि मालाडचा दगड आता आणायचा कुठून? खाणींच्या जागी वस्ती झालीये. आहे तो दगड टिकवणं हाच मार्ग.

भायखळा स्टेशनचं काम मात्र बघून या कोणीतरी. ते व्हीटीच्याही आधीचं आहे. रंगाचे थर काढून मूळ लाकूड आणि लोखंड बाहेर आणलंय, युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला त्याला. रोजची गर्दी चालू ठेवून होतं हे तिथे सिद्ध झालंय.

कर्जत_फास्ट

आज वर बघितलं. मोर सापडला. ८.४६ चुकली.

मोरपीस

पुढची मिळाली ना? मोर जास्त महत्त्वाचा.

गवाक्ष

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून परत मूळ प्रश्नाकडे येते. सह्यकडा, तुमचा प्रतिसाद माझ्या डोक्यातून जात नाहीये. बिल आपलं आहे हे खरं, आणि ते दुष्काळाच्या पाठोपाठ आलेलं आहे हे धाग्याच्या पहिल्या पोस्टमधे असायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. पण मला वाटतं बिल आपलं असेल तर वस्तू परक्याची कशी? ज्याने पैसे दिले, दगड दिला आणि हातही दिले त्याने ती इमारत साहेबाची म्हणून सोडून द्यायची, हे मला कुठल्याच बाजूने बरोबर वाटत नाही.

अजून एक. दर्शनी भिंतीवर जीआयपीच्या संचालकांचे गोल चेहरे कोरलेत त्यात नाना शंकरशेट आहेत आणि जमशेटजी जीजीभाय आहेत. १८४५च्या आसपास मुंबईत रेल्वे हवी म्हणून खटपट करणाऱ्यांत हे दोघे पुढे होते, कंपनी कायद्याने उभी राहिली ती नंतर, १८४९ला. जमशेटजी १८५९ला गेले आणि नाना १८६५ला. दोघांपैकी कोणीही ही इमारत बघितली नाही. राणी गेली कोनाड्यातून, नाना आहेत भिंतीवर.

सह्यकडा

गवाक्ष, वस्तू आपली म्हणायला माझी ना नाहीच. फक्त ती आपली म्हणताना तिचा सगळा हिशोब आपला म्हणावा, घाटात मेलेल्या मजुरांसकट आणि दुष्काळात न पोचलेल्या धान्यासकट. तिथल्या संग्रहालयात जुनी कागदपत्रं, मॉडेलं ठेवलीयेत म्हणतात. एक भिंत घाट फोडणाऱ्यांसाठी आणि दगड घडवणाऱ्या पाथरवटांसाठी ठेवावी. नावं नसतील तर नावं नाहीत असं लिहावं. तेवढं झालं तर मी स्वतः माझ्या मुलांना घेऊन येईन.

घाटवाट

यासाठी रेल्वेला सगळ्यांनी मिळून पत्र लिहू या का? मी मसुदा करतो.

अक्षरवेल

मी आहे. सीताराम खंडेराव वैद्य यांचं नावही ठळक यावं असं लिहा त्यात.

ओक_पुणे

पत्रावर माझीही सही घ्या. शैलीबद्दल माझं मत तेच आहे. पण व्हरांडा, घुमट आणि ते अजिंठ्याचं प्रकरण वाचून नक्कल हा शब्द मी यापुढे वापरणार नाही.

डोंबिवलीची_सून

तो जिना आपल्यासारख्यांना बघता येतो का पण?

फलाट१८

येतो. मुख्यालयाच्या तळमजल्यावर संग्रहालय आहे, कामाच्या दिवशी दुपारी तिकीट काढून आत सोडतात, घुमटाखालपर्यंत नेतात. सुट्टीच्या दिवशी कचेरी बंद म्हणून नाही. निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्या, अधूनमधून बदलते. ओळखपत्र जवळ ठेवा.

मोरपीस

मग एखादा शुक्रवार ठरवा. आधी जिना, मग बाहेर येऊन चार-साडेचारला समोरच्या फुटपाथवर, तेव्हा ऊन दर्शनी भिंतीवर असतं. नानांचा चेहरा बराच वर आहे, कोणाकडे दुर्बीण असेल तर घेऊन या.

निळाफत्तर

दुर्बीण माझ्याकडे आहे. पुढचा नको, त्याच्या पुढचा शुक्रवार धरा.